तीन रिकामे गोल

जरा डोळे मिटा आणि आपला डावा हात मनगटाच्या वर किंचित वाकडा झालाय असं समजा. फार नाही, केळं असतं तितपत. दुखतोय, पण रडून झालंय. सायकलवरून पडल्यावर भिंगरीचा हात तसा झाला होता. आणि भिंगरी डावखुरी होती.

हाडांच्या डॉक्टरबाईंनी एक्स-रे उजेडासमोर धरला. "दोन वाटा आहेत. भूल देऊन हाड सरळ बसवायचं, नाहीतर आहे तसंच प्लॅस्टर घालायचं. लहान मुलांचं हाड वाढता वाढता बऱ्याचदा आपोआप सरळ होतं. मात्र आजच ठरवायला हवं, हाड लवकर धरतं."

"चांगलं कुठलं?" बाबांनी विचारलं.

डॉक्टरबाईंनी एक कागद पुढे सरकवला. त्यावर चार गोल होते. एक काळा केलेला, तीन रिकामे. "आजवरच्या अभ्यासांत सरळ बसवलेले हात थोडे बरे निघालेत. पण त्या पुराव्यावर आमचा भरवसा एवढाच, चारांतला एक गोल."

"म्हणजे चारांतलं एकच पोर बरं होतं?" आत्याने कपाळाला हात लावला.

"नाही हो. बरी बहुतेक सगळीच होतात. कशाने जास्त बरी होतात, ते खात्रीने सांगता येत नाही."

"म्हणजे सरळ करू नये?"

"असं नाही म्हणत मी."

"मग करावं?"

"तसंही नाही."

गोंधळलात ना? तेही गोंधळले.

"अहो, चहा की कॉफी विचारल्यावर माणूस असं बोलतो," बाबा म्हणाले. "हा पोरीचा हात आहे!"

"दुसरा डॉक्टर बघू, दादा," आत्या कुजबुजली, पण ते खोलीभर ऐकू गेलं. "ज्याला खात्री आहे असा."

"मिळेल की," डॉक्टरबाई म्हणाल्या. "पण कागद त्याच्याकडेही हाच असेल."

भिंगरी इतका वेळ गोलांकडेच बघत होती. "बाकीचे तीन का नाही भरले?"

डॉक्टरबाईंनी पहिल्यांदाच खुर्ची तिच्याकडे वळवली. "अभ्यासांत मुलं थोडीच होती. त्यातली निम्मी पुन्हा दाखवायला आलीच नाहीत."

"मग त्यांच्या हातांचं काय झालं?"

"माहीत नाही."

"कुणी विचारलंच नाही?"

बाबा आत्याकडे बघू लागले, आत्या बाबांकडे.

भिंगरी खुर्चीवरून उतरली आणि उजव्या हाताने डावा सांभाळत बाहेर गेली. बाहेरच्या बाकावर पाच-सहा मुलं बसली होती. पहिल्या मुलाचं प्लॅस्टर नुकतंच कापलेलं होतं.

"तुझं सरळ केलेलं, की तसंच ठेवलेलं?"

"तसंच."

"मनगट फिरव बघू."

त्याने फिरवलं. भिंगरीने ते वाकून नीट पाहिलं, मान हलवली, आणि पुढच्या मुलीसमोर जाऊन उभी राहिली.