आठवं गाणं

"जमंल का गं तुला?" गिटारचा पट्टा खांद्यावर चढवत महादेवीनं विचारलं. ती राजेश्वरीच्या पोटाकडं बघत होती.

"पाय पोचतोय, हात पोचतोय. आनखी काय लागतंय?" राजेश्वरी म्हणाली आणि स्टूल वीतभर मागं सरकवून ड्रमच्या पुढ्यात बसली. तिला आठवा महिना लागला होता. काठ्या जरा टोकाकडं धरल्या की सगळं नीट वाजत होतं.

उमरग्यात हायवेला लागून असलेलं हे ट्रकचं गॅरेज महादेवीच्या वडिलांचं, गुंडाप्पांचं. रविवारी ते बंद असायचं, म्हणून रविवार ह्या दोघींचा आणि बेस गिटार वाजवणाऱ्या समृद्धीचा. बँडचं नाव 'बारा-तेरा', तिथंच भिंतीला टांगलेल्या एका पान्याच्या नंबरावरून घेतलेलं. पहिल्या अल्बमची सात गाणी रेकॉर्ड करून झाली होती. आठवं राहिलं होतं आणि ते आजच व्हायला हवं होतं, कारण तासाभरात राजेश्वरी बाळंतपणासाठी माहेरी, तेरला निघणार होती. परत कधी येणार, आल्यावर काठ्या धरायला कधी मिळणार, ह्यावर कुणीच बोलत नव्हतं.

तिचा नवरा वैजनाथ बाहेर गाडीत बॅगा घेऊन बसला होता. सासूबाई मात्र आत आल्या होत्या. सुनेला वाजवताना दगडाबाई आज पहिल्यांदाच बघणार होत्या. एका जुन्या टायरवर पदर सावरून त्या बसल्या होत्या आणि आल्यापासून एक शब्द बोलल्या नव्हत्या. राजेश्वरी तिकडं नजर जाऊ देत नव्हती.

तीनदा गाणं घेतलं, तीनदा वाया गेलं. पहिल्यांदा समृद्धीची बेस गिटार चुकली. दुसऱ्यांदा बाहेर एका ट्रकनं ऐन कडव्यात भोंगा दिला. तिसऱ्यांदा पोटातलं लेकरू असं काही फिरलं की राजेश्वरीच्या हातातली काठीच सुटली.

"त्येला ठेका पसंत न्हाय," ती म्हणाली. तिघी खळखळून हसल्या. हसताना राजेश्वरीच्या लक्षात आलं, आपले तळहात घामानं निथळतायत आणि छाती धडधडतेय, पण ही भीती न्हाय. जत्रेत पाळणा वर चढायला लागला की होतं, तसं काहीतरी होतं.

"सकाळधरनं लाईट ये-जा करतीया. हाय तवर उरकू," समृद्धीनं लॅपटॉपवर बटण दाबलं. "घ्या."

राजेश्वरीनं काठीवर काठी आपटून चार मोजले आणि गाणं सुटलं.

*साइड दे, साइड दे, आरशात बघ की,*
*मागं कोण हाय त्ये एकदा बघ की.*

वरचे पत्रे थरथरायला लागले. कोपऱ्यातल्या डब्यातले नटबोल्ट खुळखुळायला लागले. महादेवी मानेच्या शिरा ताणून गात होती, समृद्धी डोळे मिटून डुलत होती आणि राजेश्वरीला आपले हात कुठं संपतात न् काठ्या कुठं सुरू होतात ते कळेनासं झालं. एकही ठोका इकडचा तिकडं होत नव्हता. हेच. हेच पाहिजे होतं.

दुसरं कडवं संपता संपता लाईट गेली.

दोन्ही गिटारी जागच्या जागी मेल्या. पंखा दोन गिरक्या घेऊन थांबला. महादेवीनं हताश होऊन मान हलवली. राजेश्वरीच्या काठ्या हवेत राहिल्या. पळभरच. मग त्या अशा खाली आल्या की शटर दणाणलं.

महादेवीनं चमकून तिच्याकडं पाहिलं. माइक लॅपटॉपला जोडलेले होते आणि लॅपटॉप बॅटरीवर चालू होता. तिनं गिटार पाठीवर टाकली, माइक दोन्ही हातांत धरला आणि नुसत्या ठेक्यावर तिसरं कडवं उचललं. समृद्धीनं बेस खाली ठेवली, एक पाना उचलला आणि ट्रकच्या सुट्या चाकावर घाव घालायला लागली. ठण्, ठण्, ठण्. राजेश्वरीही ओरडून गायला लागली. ती आजवर कधीच गायली नव्हती.

शेवटच्या ओळीला लाईट आली. महादेवीनं गिटार पुढं ओढून हात मारला आणि सगळं शेड त्या एका सुरानं भरून गेलं.

तिघी धापा टाकत होत्या. वैजनाथ केव्हा शटरपाशी येऊन उभा राहिला होता, कुणास ठाऊक.

"वाया गेलं का?" त्यानं हळूच विचारलं.

"बघू," म्हणत समृद्धीनं गाणं परत लावलं. चौघं लॅपटॉपभोवती गोळा झाली. पहिलं कडवं, दुसरं. लाईट गेली ती जागा आली. गिटारी थांबल्या, ठेका थांबला आणि त्या पळभराच्या शांततेत एक बाईमाणसाचा घोगरा आवाज स्वच्छ ऐकू आला:

"थांबू नगं."

त्याच्यामागोमाग ड्रम कडाडले.

मघाशी राजेश्वरीला वाटलं होतं, तो आवाज आपल्याच आतनं आला. तिनं वळून पाहिलं. दगडाबाई टायरवर तशाच बसलेल्या, नजर बाहेर रस्त्याकडं.

"आत्याबाई, तुमी बोललाव?"

"म्या लाईटीला म्हनलं," दगडाबाई म्हणाल्या.

समृद्धीनं गाणं थांबवलं. "तेवढा आवाज काढून टाकू का?"

राजेश्वरीनं तोंड उघडायच्या आत दगडाबाई गुडघ्यावर हात टेकून उठल्या, चौघांच्या मधे येऊन उभ्या राहिल्या आणि लॅपटॉपकडं बोट केलं.

"आदी परत लाव बरं एकदा."