कानात सांगायचं नाव

बारशाला मृणालआत्या पाळण्यावर वाकली आणि बाळाच्या कानात हळूच नाव सांगणार, तोच भिंतीवरचं सरकारी यंत्र बोललं, "कुजबूज नको. मोठ्याने बोला."

"अहो, कायदा अजून मंजूर कुठे झालाय?" ती उसळली.

"चाचणी सुरू आहे. ही दुसरी सूचना." तिसरीनंतर दारात पोलीस येत.

टीव्हीवर याच विधेयकाची बाजू तावातावाने मांडणारी वकील मृणालच होती. 'लपवायचं काही नसेल, तर कुजबुजायचं कशाला?' हा सवालही तिचाच.

"इरावती!" ती ओरडली. बाळ दचकून रडू लागलं.

"नोंद झाली," यंत्र म्हणालं.

कुर्रर्र करायला कुणाचंच तोंड उघडलं नाही. रिवाजाप्रमाणे आत्याच्या पाठीत धपाटा मात्र बसला. वहिनीने घातलेल्या त्या धपाट्यात थट्टा नव्हती.