हात लावू नये

"कल बासोड़ा है, बेटी. चूल्हा नहीं जलेगा."

दूर उत्तरेत, सांगानेरला मुलींच्या वसतिगृहात स्वयंपाक करणाऱ्या मधुमतीबाईंनी मालाची यादी ऑफिसातला कॉम्प्युटर सांभाळणाऱ्या स्वप्नासमोर आपटली. बासोडा म्हणजे आपल्या शितळासप्तमीसारखाच. आदल्या दिवशी रांधायचं, त्या दिवशी गार खायचं. म्हणून आज दुप्पट माल यायला हवा होता. कॉम्प्युटरनं मागवला रोजच्याएवढाच! उद्या एकशे चाळीस मुली उपाशीपोटी बोर्डाच्या पेपरला बसणार होत्या.

बासोडा चैत्रात असतो, त्याला अजून महिना आहे, असं स्वप्नानं मोडक्यातोडक्या हिंदीत ठासून सांगितलं. पुरावा म्हणून पर्समधलं माहेरचं कॅलेंडरही काढलं.

मधुमतीबाईंनी भिंतीवरच्या कॅलेंडरवर पिठाचं बोट ठेवलं. उद्याची तारीख. चैत्र कृष्ण अष्टमी.

स्वप्नाच्या कॅलेंडरात त्याच तारखेला फाल्गुन वद्य अष्टमी होती.

तिनं माल मागवणारा प्रोग्राम उघडला. वसतिगृहाचा हा प्रोग्राम लिहिला होता उमाकांतसरांनी. ते नोकरी सोडून सोलापूरला गेले आणि तो तिच्या गळ्यात पडला. त्यात एक खुळचट ओळ होती : चैत्र वद्य आला, की एक महिना मागे जा. वर शेरा : हात लावू नये. का लावू नये, ते एका अक्षरानं नाही. मग स्वप्नानं लावला हात. उडवली ओळ. सफाई केली म्हणून साहेबांची शाबासकीसुद्धा घेतली!

तिनं सोलापूरला फोन लावून घोळ सांगितला.

"अगं, आपला महिना अमावास्येला संपतो, तिकडचा पौर्णिमेला," उमाकांतसर म्हणाले. "होळी झाली, की तिकडं चैत्र लागला."

"मग एवढं लिहायला काय झालं होतं, सर?"



"पहिल्या वर्षी मीही सोलापूरचंच पंचांग भरलं होतं. पोरी उपाशी पेपरला गेल्या. लाज वाटली गं लिहायला."

स्वप्नानं फोन ठेवला आणि रिक्षा करून सांगानेरच्या बाजारात गेली. पीठ, तेल, बेसन स्वतः उचलून आणलं. मग ओढणी खोचून पुऱ्या लाटायला बसली. मधुमतीबाई तासभर तिच्याकडे पाठ करून तळत राहिल्या. नंतर म्हणाल्या, "मोटी बेल रही हो." तेव्हा कुठं तिच्या जिवात जीव आला.

शेवटचा घाणा निघाल्यावर ती ऑफिसात गेली आणि ती ओळ होती तिथं परत लिहिली. जुना शेरा मात्र परत घातला नाही. नवा लिहिला आणि उमाकांतसरांना फोनवर वाचून दाखवला.

"इथला चैत्र होळीनंतर लगेच लागतो. मी आपला चैत्र धरला आणि मुली उपाशी राहायची वेळ आणली. शंका आली तर मधुमतीबाईंना विचारा. चूक करणारी : स्वप्ना."

 सर खाकरले.

"तुझ्या नावाच्या वर जागा आहे का गं? तिथं माझं घाल. पहिला मी."