दोघांत एक दुर्बीण

“तो बघ कोल्हा! कुंपणापाशी बसलाय,” टोरग्रिम गाडी हळू करत म्हणाला.

गुडवेगने पाहिलं. कुंपण होतं, वाळकं गवत होतं. कोल्हाबिल्हा काही नव्हता.

“हो का? छान,” ती म्हणाली आणि मांडीवरची पर्स घट्ट धरली.

हल्ली हे रोजचंच झालं होतं. कधी तळ्यावर करकोचे, कधी पलीकडच्या उतारावर हात हलवणारी शेजारीण. गुडवेग बघायची तर तिथे कुणी नसायचं. नवरा म्हातारा झाला की घोरेल, चाव्या हरवेल, तीच गोष्ट पुन्हा सांगेल, एवढ्याची तिने तयारी ठेवली होती. पण नसलेलं बघायला लागेल, हे काही तिने धरलं नव्हतं.

आणि सोमवारपासून एल्कची, त्या घोड्याएवढ्या हरणांची शिकार.

दरवर्षीप्रमाणे त्यांची लेक सुनिवा कुत्रा घेऊन जंगलातून हाकारत येणार, आणि बाकीचे भरल्या बंदुका घेऊन वाटा अडवून बसणार. टोरग्रिमही त्यांत. गेल्या पानगळीत गुडवेग त्याच्याच शेजारी बसली होती, तिच्या बापाची रायफल घेऊन. त्या रायफलीच्या बोल्टला, म्हणजे गोळी आत सरकवायच्या खिट्टीला, दांडीच्या टोकाशी बापाने रेनडिअरच्या शिंगाची गोटी बसवली होती, थंडीत हाताला लोखंड चावू नये म्हणून. संध्याकाळ होत आली होती. समोरच्या झुडपांत एल्क उभा राहिला, तपकिरी, भलाथोरला. ती नेम धरणार एवढ्यात टोरग्रिमने तिच्या बंदुकीची नळी खाली दाबली.

“सुनिवा आहे ती! टोपी दिसत नाही का?”

तोवर एल्क झाडीत नाहीसा झाला. गुडवेग कुणापाशी काही बोलली नाही, सुनिवापाशीही नाही. लेकीपुढे नवऱ्याची अब्रू कशाला काढायची? पण तेव्हापासून तिची झोप उडाली. ज्याला एल्कमध्ये लेक दिसते, त्याला उद्या लेकीत एल्क दिसला तर?

म्हणूनच तो “रायफलीसाठी नवी दुर्बीण बघू” म्हणाला तेव्हा तिला हायसं वाटलं. दुकान त्याच्या शाळासोबत्याचं, एस्किलचं. तिथे तरी डोळ्यांचं पितळ उघडं पडेल. बायकोचं नाही ऐकलं, तरी एस्किलचं ऐकेल.

“जंगलातही चालली पाहिजे आणि चांदमारीलाही,” टोरग्रिमने दुकानात शिरताच सांगितलं.

“म्हणजे त्याच बुटांनी लग्नात नाचायचं आणि त्याच बुटांनी गोठा झाडायचा,” एस्किल म्हणाला. “आहे तशी. ही कडी इकडे फिरवली की झाडीत डावं-उजवं सगळं दिसतं. तिकडे फिरवली की फळ्यावरची भोकं मोज बसून.”

त्याने मागचं दार उघडलं. शेतापलीकडे चर्चचा घड्याळाचा मनोरा होता.

टोरग्रिमने डोळा लावला. “घड्याळ मागे पडलंय रे तुमचं. काट्यावर कावळा बसलाय, दुसरं काय होणार!”

कोल्हा झाला, करकोचे झाले. आता कावळा.

“तू बघ,” म्हणत त्याने दुर्बीण तिच्याकडे दिली.

आत नुसतं पांढुरकं, मळकट काहीतरी. “काच पुसतोस की नाही रे एस्किल? धुकंच धुकं.”

एस्किलने पुसली. मग दुसरी दिली. मग कुलपातली एक काढली. “ही घे. हिच्यातून देवाच्या नाकातला केसही दिसेल.”

“हिच्यातही धुकं. असला माल विकायला लाज नाही वाटत?”

एरवी एस्किलने टोमण्याला टोमणा दिला असता. त्याने टोरग्रिमकडे पाहिलं. टोरग्रिम स्वतःच्या बुटांकडे बघत होता.

टोरग्रिम बाहेर गेल्यावर तिने एस्किलला हळूच विचारलं, “खरं सांग, कावळा होता?”

“होता,” एस्किल म्हणाला. पण तिच्या नजरेला नजर न देता. गुडवेग काय ते समजली. पुरुष एकमेकांना असेच सांभाळून घेतात.

दुर्बीण काही घेतली नाही. “नुसत्या दुर्बिणीने नाही भागायचं,” टोरग्रिम गाडीत म्हणाला.

तिला वाटलं, कबूल करतोय बिचारा. तिने धीर केला. “यंदा घरीच राहूया ना? वाफल करू, शेगडीपाशी बसू.”

“मला जावंच लागेल. टोळीत माणसं कमी आहेत.” मग रस्त्यावरची नजर न हलवता म्हणाला, “तू राहा की घरी.”

“का? तुझ्यावर लक्ष कोण ठेवणार?”

त्याने गियर बदलला.

घरी आल्यावर तिने वाफलचं पीठ फेटायला घेतलं. “तळघरातल्या क्लाउडबेरी मी आणतो,” टोरग्रिम म्हणाला. उभ्या जन्मात ज्याने फ्रीझरचं झाकण उचललं नव्हतं, तो! बऱ्याच वेळाने तो रिकामाच वर आला. बोटं गारठून लाल झालेली.

“सापडल्या नाहीत,” तो म्हणाला.

पिवळ्याधमक बेऱ्यांचा डबाच्या डबा समोर असून सापडत नाहीत! गुडवेगचे हात पिठातच थांबले. हा माणूस सोमवारी बंदूक घेऊन बसणार आणि समोरून सुनिवा येणार.

तो लाकडं फोडायला अंगणात गेला. कुऱ्हाडीचा ठोका ऐकू येताच तिने टेबलाचा खण उघडला. बोल्ट काढला की रायफलीची काठी होते. म्हणून दोघंही तो रायफलीपासून वेगळा ठेवत, त्याचा या खणात, तिचा विणकामाच्या टोपलीत. त्याचा बोल्ट तिने एप्रनच्या खिशात टाकला. रडेल, ओरडेल, सगळं घर उलथंपालथं करेल. करू दे. लेक तर जगेल.

ती तळघरात उतरली. जिथे त्याला डबासुद्धा सापडला नाही, तिथे बोल्ट काय सापडणार! तिने फ्रीझरचं झाकण उचललं आणि बेऱ्यांच्या डब्याखाली, अगदी तळाशी हात घातला.

तिथे आधीच काहीतरी होतं. भांडी पुसायच्या फडक्यात गुंडाळलेलं, जड, लोखंडाचं. तिने फडक्यात बोटं सरकवली. दांडीच्या टोकाला शिंगाची गोटी होती.