बुडालेली कादंबरी

"हिने कॉम्प्युटरचा प्लग ओढला आणि माझी अख्खी कादंबरी बुडाली," हे नवऱ्याचं पालुपद मी बारा वर्षं ऐकलं. आल्यागेल्यासमोर, अगदी माझ्या माहेरच्यांसमोरसुद्धा. त्या दुःखात म्हणे त्यांनी पुन्हा लेखणीला हात लावला नाही. शेवटी मीच माळ्यावरची ती जुनी हार्डडिस्क काढली आणि त्यांना न सांगता दुरुस्तीवाल्याकडे नेली.

त्याने ती आपल्या कॉम्प्युटरला दुसरी डिस्क म्हणून जोडली. दोन तासांनी म्हणाला, "ताई, नशीबवान आहात. एकूण एक फाईल परत मिळाली."

'कादंबरी' नावाच्या फोल्डरमध्ये दोनच फाइली होत्या. पहिलीत शीर्षक, लेखकाचं नाव आणि 'प्रकरण पहिलं' एवढंच.



दुसरी बावीस पानांची होती: पुरस्कार स्वीकारतानाचं भाषण.