पाकिने

आम्हा मासाई लोकांत शेळी देणारा आणि शेळी घेणारा, दोघंही त्या दिवसापासून एकमेकांना 'पाकिने' म्हणतात. म्हणजे शेळीवाला. माझे बाबा आणि टेकडीपलीकडचे लेकिशोनकाका मला कळायला लागल्यापासून एकमेकांचे पाकिने. पण शेळी दिली कोणी आणि घेतली कोणी? बाबांना विचारलं की म्हणायचे, "तुला काय करायच्यात नसत्या चौकश्या!"

यंदाच्या दुष्काळात आमचं एकही जनावर वाचलं नाही. तरी बाबा कुणाच्या दारात गेले नाहीत. एका सकाळी लेकिशोनकाकाच सहा शेळ्या हाकत आले, चहा प्यायले आणि शेळ्या आमच्या कुंपणात सोडून निघाले. मी धावत जाऊन त्यांना वाटेत गाठलं.

"म्हणजे तेव्हा बाबांनी दिली होती! आज तुम्ही फेड केलीत."

"डोंबलाची फेड! तेव्हाही मीच दिली होती."

"मग आज बाबांनी मुकाट्याने कशा घेतल्या?"

काकांनी आमच्या घराकडे वळून पाहिलं आणि आवाज खाली आणला. "त्याला वाटतं, त्यानेच मला दिली होती. इतकी वर्षं झाली, विसरलाय बिचारा. मी कशाला आठवण करून देऊ? तूही बोलू नकोस हं."

घरी आले, तर बाबा एका शेळीचा कान खाजवत बसले होते. माझ्याकडे न बघताच त्यांनी विचारलं, "काय गं, मी विसरलोय असंच वाटतंय ना त्याला अजून?"