आठातला एक

सकाळी अकरा वाजता झोपायच्या खोलीतला संगणक बंद पडला. अखंड घरघरणारा पंखा थांबला, तशा बाई शिवण बाजूला ठेवून उठल्या. मास्तर बाजारात गेले होते. बाईंनी त्यांच्या भाचीला बोलावलं. तिचा धंदाच संगणक दुरुस्तीचा होता.

संगणकात आठ प्रोसेसर होते आणि आठही लोकांच्या कामाला जुंपलेले. दूरच्या एका संशोधन संस्थेने आपलं अवाढव्य गणित हजारो घरांतल्या संगणकांना तुकड्यातुकड्यांनी वाटून दिलं होतं. ते गणित होतं बाईंच्या स्नायूंच्या आजाराचं. "आठही तुझ्यासाठी राबतायत," असं मास्तर सांगत. म्हणून बाई यंत्राचा उकाडा सोसत, ते उशाशी घेऊन झोपत. आताशा त्यांच्या बोटांत सुई ठरत नव्हती.

भाचीने धूळ झटकली, संगणक सुरू केला आणि पडद्याकडे बघत राहिली.

"मामी, तुमच्या आजाराला एकच प्रोसेसर लावलाय. बाकीचे सात मूळ संख्या शोधतायत."

"कसल्या संख्या?"

"एक आणि ती स्वतः सोडून कशानेच भाग न जाणाऱ्या. मामांचा जुना नाद."

"चुकून झालं असेल."

"आपोआप असतं तर निम्मं-निम्मं झालं असतं. हे हाताने बदललंय."

मास्तर पिशवी घेऊन दारात उभे होते. त्यांनी शेवटचं वाक्य ऐकलं होतं.

"म्हणजे सात सवती उशाशी घेऊन झोपले मी," बाई म्हणाल्या.

"एक ठेवलाय ना तुझ्यासाठी."

"उपकार झाले. कधीपासून चाललंय हे?"

"तुझा रिपोर्ट आणला ना, त्या संध्याकाळपासून," मास्तर बोलून गेले.

रिपोर्ट आणायला ते एकटेच गेले होते. डॉक्टरांशीही तेच बोलले होते. घरी येऊन चप्पल काढता काढता म्हणाले होते, "काळजीचं काही नाही. सुधारतेयस तू."

भाचीने माऊसवरचा हात काढून घेतला. बाई पलंगाच्या कडेला बसल्या.

"काय होतं त्या रिपोर्टात?" त्यांनी विचारलं.

मास्तर पिशवीतली भाजी एकेक करून बाहेर काढू लागले.